घरची कडी

पाइपच्या कारखान्यात कौतुकाची वाटणी कधीच सारखी होत नाही. लालबुंद तापलेला लोखंडी दांडा मधोमध छेदून त्याचा बिनजोडाचा, सलग पाइप होताना पाहुणे तोंडात बोट घालून बघत राहतात. भट्टीपाशी सगळ्यांचे फोटो निघतात. आणि चाचणीखोली आली की कारखाना दाखवणारा माणूस दारातूनच हात करतो, "इथे तपासणी होते," आणि पाहुण्यांना चहाकडे वळवतो. जणू तपासणी म्हणजे चष्म्याची काच पुसण्याइतकं काम.

चाचणीखोलीत प्रेसवर काम करणाऱ्या कडीताईला त्याचं काही वाटत नसे. उलट पाहुणे आत आले नाहीत की तिला बरं वाटायचं, कारण ते आले की हमखास विचारायचे, "बाई, एवढा चांगला पाइप मोडता कशाला?"

तसं बघितलं तर कारखान्यात पाइपचे जे हाल होतात ते ऐकून कुणालाही त्याची दया यावी. त्याच्या पोटात पाणी कोंडून दाब देतात आणि कुठे पाझरतोय का ते बघतात. त्याच्या अंगातून ध्वनिलहरी सोडून आत लपलेली चीर शोधतात. त्याचा तुकडा दोन्हीकडून ओढून तुटेपर्यंत ताणतात. हे सगळं इतरांकडे होतं. कडीताईच्या वाट्याला आली होती ती कडी. एका भट्टीतून एका वेळी निघालेल्या पाइपांचा एक लॉट धरायचा, त्यातल्या एका पाइपच्या टोकाची तळव्याएवढी रुंद कडी करवतीने कापून घ्यायची, कडा घासून घ्यायच्या आणि ती कडी प्रेसच्या दोन पाट्यांमध्ये कडेवर उभी ठेवून दाबायची. गोल कडी लांबट होते, मग चपटी होते. वाकताना कुठे तडा गेला नाही तर धातू मऊ आणि सच्चा आहे, भट्टीने आपलं काम नीट केलं आहे. तडा गेला तर सगळा लॉट बाजूला, त्यावर लाल रंगाचा पट्टा.

आता कुठवर दाबायचं, हे काही मनाला येईल तसं नसतं. पाइप केवढा आणि त्याची भिंत किती जाड, यावरून दोन पाट्यांमधलं अंतर ठरतं. त्या त्या उंचीचे लोखंडी ठोकळे कडीताईच्या मागच्या मांडणीत ओळीने लावलेले होते. हवा तो ठोकळा कडीच्या शेजारी ठेवायचा. वरची पाटी ठोकळ्याला टेकली की थांबायचं. बॅटरीच्या उजेडात कडी आतून-बाहेरून बघायची. तडा नाही? पास. संपलं. त्यापुढे दाबायला कुणी सांगितलेलं नाही आणि त्यापुढे कडी तडकली तर तो कडीचा गुन्हा नाही.

कडीवर कुणाचं नाव नसे. फक्त लॉटचे आकडे ठोकलेले असायचे, म्हणजे ती कुठल्या भट्टीतून, कुणाच्या हातून आली हे तपासणाऱ्याला कळू नये. पद्धत चांगली होती. पण कडीताईचा नवरा त्याच कारखान्यात भट्टीवर होता आणि त्याने ठोकलेले आकडे मागे रेलायचे, जेवण झाल्यावर खुर्चीत रेलणाऱ्या माणसासारखे. ते आकडे ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या दोघांचं जुळलं तेही एका तडकलेल्या कडीवरून. तेव्हा ती नवीन होती आणि तो भट्टीवर नवीन होता. त्याचा लॉट तिने नापास केला म्हणून तो तावातावाने भांडायला आला. "आमची भट्टी अशी नाही," एवढं एकच वाक्य तो फिरवून फिरवून म्हणत होता. तिने एक शब्दही न बोलता भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने तडा पाहिला, "हं" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. भट्टीतली उष्णता मोजणारी तार सैल झाली होती, दोष आमचाच होता, एवढं सांगायला. स्वतःची चूक सांगायला आपल्या पायांनी आलेला माणूस तिने त्या कारखान्यात पहिल्यांदाच पाहिला. मग तो प्रेस कशी चालते ते बघायला येऊ लागला. प्रेस काही एवढी बघण्यासारखी नव्हती. हे चाचणीखोलीच्या साहेबांच्याही लक्षात आलं आणि ते त्या वेळेला मुद्दाम बाहेर चक्कर मारून यायचे.

लग्न झालं आणि लग्नानंतर ती कामावर रुजू झाली त्याच दिवशी कँटीनमध्ये क्रेनवाला मोठ्याने म्हणाला, "चला, आता भट्टीवाल्यांची चैन! बायकोच प्रेसवर. सगळं पास!" सगळे हसले. तीही हसली. पण ते वाक्य तिच्या मनाला असं काही लागलं की त्या दिवशी तिला चहा गोड लागला नाही. दुपारी मागे रेललेल्या आकड्यांची एक कडी आली. तिने ठोकळा ठेवला, पाटी टेकवली, कडी बघितली. तडा नव्हता. मग तिने इकडेतिकडे बघितलं, ठोकळा काढून घेतला आणि पाटी आणखी खाली आणली. कडी साफ चपटी झाली, तरी तडा नव्हता. "आता बोल म्हणावं," ती मनात क्रेनवाल्याला म्हणाली.

क्रेनवाला बिचारा ते बोलून तिथल्या तिथे विसरून गेला होता. ती विसरली नाही. तेव्हापासून नवऱ्याच्या प्रत्येक कडीला ती ठोकळ्यापर्यंत दाबायची आणि मग ठोकळा काढून आणखी दाबायची. इतरांच्या कड्यांना नियम, घरच्या कडीला नियमापेक्षा जास्त. तिला तो तिचा प्रामाणिकपणा वाटायचा. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

घरीही तिचं असंच होतं. शेजारच्या मुलीने वाकडातिकडा डोंगर काढला तर "वा, काय रंग भरलेत!" आणि स्वतःच्या लेकीने काढला तर "सूर्य एका बाजूला आणि सावलीही त्याच बाजूला?" लेक मोठी झाल्यावर एकदा म्हणाली होती, "आई परक्यांना लगेच पास करते. घरच्यांचं मात्र तिच्यापुढे काही खरं नाही." ते ऐकून सगळे हसले होते आणि कडीताईने ते स्तुती म्हणून घेतलं होतं.

स्वयंपाकघरात गरम भांड्याखाली ठेवायला त्यांच्याकडे चपट्या झालेल्या कड्याच होत्या. नवरा साहेबांना विचारून चाचणीखोलीच्या भंगाराच्या पेटीतून त्या घेऊन यायचा. ओट्यावर पातेलं ठेवलं की कडी टणकन वाजायची. कारखान्याचं एवढंच काय ते घरात यायचं. कुठला लॉट, कुणाचा, पास की नापास, हे बोलणं उंबऱ्याबाहेर ठेवायचं, असं लग्नातच ठरलं होतं आणि दोघांनी ते पाळलं होतं.

ज्या आठवड्याची ही गोष्ट आहे त्या आठवड्यात घरात दोन विषय होते. एक, लेकीने ऑफिसची नोकरी सोडून सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं होतं. तिने फोन करून उत्साहाने सांगितलं तर आईने लागलीच जागेचं भाडं, पावती कोण लिहिणार, ब्रेक नीट बसलेत हे कसं तपासणार, असे प्रश्न सुरू केले. तिसऱ्या प्रश्नाला लेक म्हणाली, "बाबांना दे." दुसरा विषय असा की सगळ्या भट्ट्यांचे प्रमुख निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी नवऱ्याचं नाव होतं. मोठ्या वीजकेंद्राच्या बॉयलरसाठी जाड भिंतीच्या पाइपांचं काम चाललं होतं. ते नीट पार पडलं की जाहीर करू, असं वरच्या साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्याने काही न बोलता खिडक्या पुसून काढल्या. फार आनंद झाला की त्याला काहीतरी पुसावंसं वाटायचं.

आणि त्याच कामातली कडी तिच्यापुढे आली. मागे रेललेले आकडे. भिंत चांगली जाड, हातात घेतली तर मनगट भरून यावं अशी. शेजारी आणखी कड्यांचा ढीग पडला होता आणि तिने सवयीने ही कडी पाट्यांमध्ये ठेवली. ठोकळा मात्र घेतला नाही. आधी आधी ती ठोकळ्यापाशी थांबायची, बघायची, मग पुढे जायची. पण त्याची कडी ठोकळ्यापाशी कधी तडकतच नाही, हे तिला इतकं पाठ झालं होतं की कधीतरी तिने मधलं थांबणंच सोडून दिलं होतं. त्याच्यावर तिचा एवढा विश्वास होता. आणि तो विश्वास कुणाला दिसू नये म्हणून तर ती जास्त दाबत होती. माणसाच्या डोक्यात या दोन गोष्टी एकाच वेळी कशा नांदतात, देव जाणे.

पाटी खाली येत गेली. बाहेरून माल वाहणारी गाडी भोंगा वाजवत गेली, म्हणून तिने दाराकडे पाहिलं. तेवढ्यात टक् असा आवाज झाला.

तिने कडी बाहेर काढली. आतल्या बाजूला, जिथे वाक सगळ्यांत तीव्र, तिथे नखाएवढा तडा होता. तिने तो भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिला. मग उठली आणि लॉटवर लाल पट्टा मारायला सांगून आली. आपण योग्य तेच केलं, असं तिला वाटत होतं. नवऱ्याचा लॉट आणि तोही अशा वेळी! दुसरी एखादी असती तर डोळेझाक केली असती, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी नवरा आला, हात-पाय धुऊन जेवायला बसला. भाजीत मीठ नव्हतं, ते त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही. ताट बाजूला सारून त्याने इतक्या वर्षांचा नियम मोडला.

"कडी माझी होती, हो ना?"

तिने त्याचं ताट उचललं.

"अगं, मी तुला काही म्हणत नाहीये. तू चुकत नाहीस. म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं."

पुढचा दिवसभर त्याने भट्टी पिंजून काढली. उष्णता मोजणाऱ्या तारा काढून तपासल्या, दाराची झडप पाहिली, ज्योतीचा रंग पाहिला, घड्याळसुद्धा दुसऱ्या घड्याळाशी लावून बघितलं. कुठेच काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं. न सापडलेल्या चुकीने तो पोखरून निघाला. पाइप वेळेआधी बाहेर काढले का? आपली नजर कमी झाली का? सकाळी चहाचं आधण ठेवलं तर तो शेगडीपाशी उभा राहून पाण्याकडेही संशयाने बघत होता. पाणी उकळलं तरी त्याला खात्री वाटेना.

"मी वरच्या साहेबांना सांगितलंय," तो आधणाकडे बघतच म्हणाला, "प्रमुखाचं काम दुसऱ्या कुणाला द्या. ज्याला स्वतःच्या भट्टीचं कळत नाही, त्याने बाकीच्या भट्ट्या काय सांभाळायच्या?"

"अहो, असं काय करता! फेरचाचणी आहे ना. आज तपासनीस येणार आहेत. दोन नव्या कड्या कापतील."

नियमच होता तसा. एक कडी गेली तर त्याच लॉटच्या दुसऱ्या दोन पाइपांच्या कड्या घ्यायच्या, गिऱ्हाइकाच्या तपासनिसासमोर. दोन्ही टिकल्या तर लॉट पास.

"नको. फेरचाचणी मागायला तोंड पाहिजे. मी सगळा लॉट आज पुन्हा भट्टीत घालतोय. सकाळीच. वरच्या साहेबांची परवानगी घेतलीये." त्याने गॅस बंद केला. "तू चुकत नाहीस, हे मला माहीत आहे ना."

हे तो अगदी सरळ मनाने बोलला आणि डबा घेऊन निघून गेला. ते वाक्य मात्र स्वयंपाकघरात तसंच राहिलं. ओट्यावर चहाचं भांडं होतं, त्याखाली चपटी कडी. कडीताई तिच्याकडे बघत राहिली आणि एक साधा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला: तडा गेला तो कुठल्या अंतरावर? ठोकळ्याच्या उंचीआधी की नंतर? तिला माहीत नव्हतं. ठोकळा नव्हताच. जाड भिंतीची कडी नियमापलीकडे दाबली तर चांगला धातूही आतून फाटतो, हे तिने नव्या मुलींना कितीदा शिकवलं होतं. मग त्या दिवशी ते तिच्या डोक्यात का आलं नाही? कारण त्या दिवशी ती कडी तपासतच नव्हती. ती क्रेनवाल्याला उत्तर देत होती. इतक्या वर्षांनंतरसुद्धा.

आपण काही बोललो नाही तर काय होईल, हेही तिला लख्ख दिसलं. काहीच होणार नाही. पाइप पुन्हा भट्टीत जातील, नव्याने पास होतील, गिऱ्हाइकाला मिळतील. पहिल्या लॉटचं खरंखोटं राहणारच नाही. तिच्यावर कधीच ठपका येणार नाही. फक्त तो माणूस उरलेलं आयुष्य पाण्याकडे संशयाने बघत राहील.

ती कारखान्यात पोचली तेव्हा चाचणीखोलीच्या साहेबांकडे तपासनीस आलेले होते. शांत, पिकल्या केसांचे गृहस्थ, कोटाच्या खिशात स्वतःची बॅटरी घेऊन फिरणारे. दोघांपुढे चहा होता. तिने दारातच सांगून टाकलं, नाहीतर तिचा धीर सुटला असता.

"साहेब, ती कडी मी चुकीची तपासली."

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"ठोकळा लावला नव्हता."

"विसरलात?" तपासनिसांनी विचारलं.

"नाही." तिने पदर घट्ट धरला. "यांच्या कड्यांना मी तो काढते. जास्त दाबते. बायको म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून."

"त्यांच्या कड्या तुम्हाला कळतात?" साहेब चकित झाले.

"आकडे मागे रेललेले असतात."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "कधीपासून चाललंय हे?"

"लग्न झाल्यापासून."

साहेबांना हसावं की रागवावं ते कळेना. तपासनीस मात्र हसले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या हातून एकही वाईट पाइप सुटला नाही, हे खरं. पण नियमाला एकच उंची असते. वर थांबणं चूक, तसंच खाली जाणंही चूकच. कडीचं सोडा, त्या माणसावर अन्याय झाला."

"तेच सांगायला आले," ती म्हणाली. आणि मग तिला आठवलं. "साहेब, ते लॉट पुन्हा भट्टीत घालतायत! आत्ता!"

साहेबांनी फोन उचलला. भट्टीपाशी फोनची घंटा कुणाला ऐकू येत नाही, हे तिला माहीत होतं. ती धावत सुटली. वयाने आणि वजनाने धावायचे दिवस मागे पडले होते, पण ती पाइपांच्या ढिगांमधून वाट काढत धावली आणि सगळ्या कारखान्याने ते पाहिलं. भट्टीच्या शेडमध्ये क्रेनने पाइपांची पहिली जुडी उचलली होती. भट्टीचं दार वर गेलं होतं. नवरा हाताने खुणा करत होता, आत घे, आत घे.

"थांबा!" ती ओरडली. त्या आवाजात कुणाला ऐकू येणार? तिने दोन्ही हात वर केले आणि क्रेनच्या वाटेत जाऊन उभी राहिली. वर केबिनमध्ये तोच क्रेनवाला होता, आता टक्कल पडलेला. त्याने घाबरून क्रेन थांबवली. भट्टीचं दार खाली आलं, आवाज जरा कमी झाला आणि नेमक्या त्या शांततेत तिचं पुढचं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमचं काही चुकलं नाही! मी ठोकळा लावला नव्हता!"

नवऱ्याचा खूण करणारा हात खाली आला. आजूबाजूची माणसं खाली बघू लागली. क्रेनवाला वरून म्हणाला, "ताई, आधी बाजूला व्हा, डोक्यावर पाइप लटकतायत." त्या क्षणी तेवढंच बोलणं शहाणपणाचं होतं.

फेरचाचणीला साहेब स्वतः प्रेसवर बसले. दोन कड्या करवतीने कापून आल्या, कडा घासल्या गेल्या. कडीताईला आत येऊ दिलं नाही आणि ते बरोबरच होतं. ती काचेबाहेर उभी राहिली, जन्मात पहिल्यांदा चाचणीखोली बाहेरून बघत. साहेबांनी ठोकळा ठेवला, पाटी टेकवली, थांबले. तपासनिसांनी कडी हातात घेतली, बॅटरी लावली आणि आतून इतका वेळ बघितली की तिला वाटलं, आता काच फोडून आत जावं. मग त्यांनी कडी खाली ठेवली आणि दुसरी मागितली. दुसरीही तशीच बघितली. शेवटी ते बाहेर आले आणि म्हणाले, "चांगली भट्टी आहे."

लाल पट्टा पुसून काढला गेला. वरच्या साहेबांनी नवऱ्याचा नकार आपल्या कानावर आलाच नाही असं दाखवलं आणि त्याचं नाव जाहीर केलं. कडीताईला मात्र साहेबांनी प्रेसवरून काढलं. वीजकेंद्राचं काम संपेपर्यंत ती पाण्याच्या दाबाच्या शेडमध्ये जाणार होती, पाइप पाझरतो का ते बघायला. "शिक्षा नाही," साहेब म्हणाले, "पण मला असं करावंच लागेल." ती मान हलवून निघाली. वाईट वाटलं, खूप वाटलं. त्या मांडणीतले ठोकळे तिने इतकी वर्षं रोज पुसले होते.

संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात बसले. मग नवऱ्याने ओट्यावरची चपटी कडी उचलली आणि हातात फिरवत म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"तू जास्त दाबतेस ते. भंगाराच्या पेटीत सगळ्यांच्या कड्या असतात ना. इतरांच्या पोटात बोट जातं. माझ्यात कागदसुद्धा जात नाही."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मला वाटायचं, तू रागावलीस की जास्त दाबतेस." तो खजील हसला. "कडी फारच चपटी दिसली की मी घरी येऊन भांडी घासायचो. भाजी निवडायचो. तुझा राग जावा म्हणून."

तिला आठवलं. तो अधूनमधून अचानक भांडी घासायचा आणि ती शेजारणीला सांगायची, यांचं काही कळत नाही बाई. तिला हसू आलं, पण तो पुढे बोलत होता.

"पण राग असला तरी कडी कधी तडकली नाही. मला त्याचं बरं वाटायचं. कितीही दाबू दे म्हटलं, आपण टिकतो. म्हणून परवा ती तडकली ना, तेव्हा लॉटचं नाही वाटलं मला." त्याने कडी खाली ठेवली. "वाटलं, आता आपण तिला पुरे पडत नाही."

कडीताईला रडू आवरलं नाही. "तुम्ही कायम पुरे पडत होतात," ती म्हणाली. "मीच थांबत नव्हते." तिने त्याचा हात धरला. भट्टीवर काम करून त्या हाताची कातडी इतकी जाड झाली होती की तिला नेहमी वाटायचं, याला काही लागत नसेल.

जेवण झाल्यावर तिने लेकीला फोन लावला. पलीकडून सावध आवाज आला, "हं, आई. बोल." भाडं, पावत्या, ब्रेक, सगळे प्रश्न तिच्या जिभेवर रांग लावून उभे होते. तिने ओठ घट्ट मिटले. नवरा भांडी घासता घासता वळून बघू लागला.

"दुकान काढलंस," ती म्हणाली, "छान केलंस."

मग लेकीने विचारलं, "आई, तुला बरं नाहीये का?"

"अगदी बरी आहे मी."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच सांगायला फोन केला."

मग लेकीने एक मोठा श्वास घेतला आणि आपणहून सांगायला लागली. भाडं किती ठरलं, पावत्या कोण लिहितं, ब्रेक बसवल्यावर ती स्वतः सायकल उतारावरून नेऊन दोनदा कशी तपासते, आणि परवा एक ब्रेक चुकीचा बसला होता तेव्हा ती किती घाबरली होती. हे शेवटचं तिने आईला एरवी कधीच सांगितलं नसतं. कडीताई फोन कानाला लावून ऐकत राहिली आणि तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.